गाव पाण्यात गेले, परवान्यावर मात्र राहिले

गेल्या उन्हाळ्यात पवनी तालुक्यातील एका पुनर्वसित गावठाणात खरीपपूर्व सभा होती. बीजप्रक्रिया, मिठाच्या पाण्यात धान टाकून पोचट दाणे वेगळे करणे, युरिया किती हप्त्यांत द्यावा, असे नेहमीचे विषय झाले. सभा संपता संपता मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. वय पन्नाशीच्या आसपास. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लायसन काढून त्यांनी माझ्या हातात दिले आणि विचारले, "साहेब, यावरचा गाव तं पान्यात गेला जी. मंग हा लायसनबी बुडला का?"

सभेत हशा पिकला. मी मात्र हसू शकलो नाही, कारण उत्तर मला ठाऊक नव्हते. पुढे बोलता बोलता कळले की, लायसन बुडाले असे समजून या गृहस्थांनी दोन हंगामांपासून ट्रॅक्टरचे स्टिअरिंग हाती धरलेले नाही. ट्रॅक्टर चालवतो त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याच्याजवळ मात्र कोणतेच लायसन नाही! म्हणजे ज्याच्याजवळ परवाना आहे तो बांधीच्या धुऱ्यावर बसलेला, आणि ज्याच्याजवळ नाही तो धानाची पोती भरून ट्रॉली घेऊन हमरस्त्यावर. केवळ माहिती नसल्यामुळे हे घडले.

कृषी खात्याच्या माणसाने आरटीओच्या कामावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण आज चिखलणीपासून ते आधारभूत खरेदी केंद्रापर्यंतची शेती ट्रॅक्टरवर चालते, आणि ट्रॅक्टर परवान्यावर चालतो. बियाणे प्रमाणित आहे की नाही हे आपण पाहतो, तसा चालकाचा कागदही पाहिला पाहिजे. म्हणून त्या सभेनंतर मी नियम वाचले, जाणकारांना विचारले, आणि जे समजले ते येथे मांडत आहे.

पहिली गोष्ट : परवाना बुडत नाही

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. १ जुलै १९८९ पासून तो अमलात आहे. त्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, वाहन चालविण्याचा परवाना संपूर्ण भारतात लागू राहील. भंडाऱ्याचे लायसन गोंदियात चालते, नागपुरात चालते, बावनथडी ओलांडून बालाघाटातही चालते. गाव बदलले, तालुका बदलला, जिल्हा बदलला म्हणून परवाना रद्द होत नाही. एमएच-३६ चा परवाना घेऊन माणूस एमएच-४० च्या हद्दीत राहायला गेला तरी तो बिनपरवाना होत नाही.

आपल्याकडे लोक "लायसन ट्रान्सफर करायचे आहे" असे म्हणतात. खरे पाहता परवाना एका कार्यालयातून उचलून दुसऱ्या कार्यालयात नेऊन ठेवायचा नसतो. करायचा असतो तो फक्त पत्त्यातील बदल. नूतनीकरणाचेही तेच. कायद्याच्या कलम १५ नुसार कोणतेही परवाना प्राधिकारी नूतनीकरण करू शकतात आणि मूळ कार्यालयाला तसे कळवतात. तेव्हा ज्या कार्यालयाने लायसन दिले तिथेच परत गेले पाहिजे, ही समजूत सोडून द्यावी.

मग पत्ता बदलायचा तरी कशाला? कारण आता सगळा व्यवहार पत्त्यावर आणि मोबाईल नंबरावर आला आहे. नवे कार्ड टपालाने नोंदलेल्या पत्त्यावर जाते. अपघाताची, कोर्टाची, विम्याची नोटीस त्याच पत्त्यावर निघते. जिथे घर नाही, दार नाही, तिथे पोस्टमन कोणाच्या हाती पाकीट देणार?

हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. बदली होऊन या जिल्ह्यात आलो तेव्हा "पत्ता बदलू सावकाश" म्हणत चार वर्षे काढली. नूतनीकरण जुन्याच पत्त्यावर केले. कार्ड जुन्या भाड्याच्या घरी गेले, तिथे कोणी नाही म्हणून परत गेले, आणि ते मिळविण्यासाठी मला दोन खेपा घालाव्या लागल्या. दोष माझाच होता. दुसऱ्याला वेळेवर फवारणी करा म्हणून सांगणाऱ्याने आपले काम चार वर्षे लांबविले.

दुसरी गोष्ट : बुडते ती मुदत

त्या गृहस्थांच्या लायसनवरची तारीख मी पाहिली तेव्हा ध्यानात आले की, पत्त्यापेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे. मुदत संपायला फक्त पाच महिने उरले होते, आणि याची त्यांना कल्पनाच नव्हती.

जुन्या नियमाप्रमाणे खाजगी वाहनाचा परवाना वीस वर्षे किंवा वयाची पन्नास वर्षे पूर्ण होईपर्यंत, यापैकी जे आधी येईल तोवर चालत असे. पन्नाशीनंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. समजा एखाद्याचा जन्म १९७० चा आणि परवाना १९९६ चा. वीस वर्षे २०१६ साली पूर्ण झाली. तेव्हा नूतनीकरण केले असेल तर ते पन्नाशीपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत. त्यानंतर पुन्हा नूतनीकरण. "एकदा लायसन काढले की जन्मभराची चिंता मिटली" असे मानणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

२०१९ च्या दुरुस्तीने हे टप्पे बदलले. आता तिशीच्या आत परवाना घेतला तर तो वयाच्या चाळीस वर्षांपर्यंत चालतो. तीस ते पन्नास या वयात घेतला किंवा नूतनीकरण केले तर दहा वर्षे. पन्नास ते पंचावन्न या वयात केले तर साठीपर्यंत. त्यापुढे पाच-पाच वर्षे. परिवहन वाहनाच्या परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षे होती, ती आता पाच वर्षे आहे.

याच दुरुस्तीतील एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. पूर्वी मुदत संपल्यावरही तीस दिवस परवाना चालू समजला जाई. ती सवलत काढून टाकली आहे. आता मुदत संपण्याआधी एक वर्ष आणि संपल्यानंतर एक वर्ष, या काळात नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. वर्ष उलटून गेले तर चालविण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. लोक येथेच फसतात. मागचे एक वर्ष हे अर्ज करण्यासाठी आहे, वाहन चालविण्यासाठी नाही! मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, नूतनीकरण होईपर्यंत, वाहन हाती घेऊ नये.

तेव्हा पत्ता आणि मुदत ही दोन्ही कामे एकाच वेळी उरकावीत. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, लागते. ते आधीच घेऊन ठेवावे.

बिनपरवाना चालकाचा भुर्दंड कोणाला?

त्या मुलाकडे पुन्हा वळू. परवाना नसताना वाहन चालविल्यास कलम १८१ खाली पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. आणि ज्याने आपले वाहन अशा माणसाच्या हाती दिले, त्या मालकावरही कलम १८० खाली कारवाई होते. मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकाला किंवा वाहनमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाढीव दंड आपल्या राज्यात डिसेंबर २०२१ पासून लागू आहेत.

दंड एकवेळ भरता येईल. अपघाताचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्ण सिंग प्रकरणात विमा कंपनी आणि वाहनमालक यांची जबाबदारी विस्ताराने सांगितली आहे. चालकाजवळ वैध परवाना नसेल आणि त्यात मालकाची कसूर सिद्ध झाली, तर जखमीला किंवा मृताच्या वारसाला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग त्या निकालाने दाखविला. ही वसुली लाखांत जाते. पाच एकर धानाच्या बांधीतून ती कोणत्या जन्मी फिटेल?

उलट, वैध परवाना असणाऱ्याला कायदा आधार देतो. ट्रॅक्टरचे लायसन असताना मागे ट्रॉली जोडली म्हणून ते निरुपयोगी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली नागशेट्टी प्रकरणात म्हटले. आणि हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास साडेसात हजार किलोपर्यंत वजनाचे हलके परिवहन वाहनही चालविता येते, हा निर्णय ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायम केला. मात्र रोवणीच्या बायांना ट्रॉलीत बसवून नेणे हे वेगळे प्रकरण आहे. मालाच्या ट्रॉलीत माणसे बसवू नयेत. तिथे लायसन कितीही पक्के असले तरी ते कामाचे नाही.

पत्ता बदलावा कसा?

काम कठीण नाही, पण क्रम चुकला तर खेपा वाढतात. क्रम असा ठेवावा.

आधी आधार कार्डावरचा पत्ता बदलावा. नव्या गावठाणातील राहण्याच्या पुराव्यासाठी आधारच्या ठरावीक नमुन्यातील दाखला सरपंच किंवा ग्रामपंचायतीचे सचिव देऊ शकतात. त्यावर अर्जदाराचा फोटो लावून सही-शिक्का व्यवस्थित असावा. हा दाखला तीन महिनेच चालतो, म्हणून घेऊन घरी ठेवू नये. त्याच खेपेत चालू मोबाईल नंबर आधारला जोडून घ्यावा. कितीतरी लोकांच्या आधारला बंद पडलेले नंबर आहेत, आणि सगळे काम त्या नंबरावर येणाऱ्या आकड्यावर अडते.

त्यानंतर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर 'सारथी' या भागात जाऊन पत्ता बदलाचा अर्ज करावा. केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये अठरा सेवा आधारच्या ओळखीवर घरबसल्या मिळण्याची सोय केली. परवान्यावरील पत्ता बदलणे, परीक्षा लागत नसेल तिथे नूतनीकरण करणे, हरवलेल्या परवान्याची दुसरी प्रत घेणे, ही कामे तीत आहेत. ज्यांना मोबाईलवर जमत नाही त्यांनी गावातील सेवा केंद्रातून अर्ज भरावा. केंद्रीय नियमांच्या तक्त्यात पत्ता बदलाची फी २०० रुपये आहे. कार्डाचे आणि टपालाचे पैसे वेगळे. पावती मागून घ्यावी, आणि पावतीपेक्षा जास्त कोणी मागितले तर कशाचे, हे विचारावे. विचारायला लाजू नये.

आधारचा मार्ग नको असेल, तर मूळ कागद घेऊन प्रत्यक्ष कार्यालयात जाण्याचा मार्ग खुला आहेच.

जुन्या पुस्तकी लायसनवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांची नोंद संगणकात चढलेली नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. अशांनी मूळ पुस्तक घेऊन, ज्या कार्यालयाने ते दिले तिथे जाऊन नोंद करून घ्यावी. मूळ पुस्तक कोणत्याही मध्यस्थाच्या हाती देऊ नये. ते हरवले तर वीस-पंचवीस वर्षांचा पुरावा गेला.

पत्ता बदलला तरी परवान्याचा क्रमांक तोच राहतो. नवे कार्ड हाती येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधील परवाना दाखविला तरी तो ग्राह्य धरला जातो. मात्र "तुमचे चालान निघाले आहे, ही फाईल उघडा" असे सांगून कोणी अनोळखी फाईल पाठविली, तर ती उघडू नये. चालानाच्या नावाखाली बँक खाते साफ करणाऱ्या टोळ्या फिरत आहेत.

माणसाचा कागद वेगळा, गाडीचा वेगळा

लायसन माणसाचे असते, आरसी गाडीची असते. हे दोन कागद लोक एकच समजतात. लायसनवरचा पत्ता बदलला म्हणून ट्रॅक्टरचा पत्ता आपोआप बदलत नाही. वाहनमालकाचा पत्ता बदलल्यास तीस दिवसांच्या आत कळवावे, असे कलम ४९ सांगते. ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे संमतीपत्र लागते. राज्यातल्या राज्यात गेल्यास गाडीचा नंबर बदलावा लागत नाही. तुमसरकडचा कोणी मध्य प्रदेशात कायमचा राहायला गेला आणि गाडी तिथे बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली, तर मात्र जुन्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तिथला नंबर घ्यावा लागतो. हा नियम गाडीला आहे, माणसाच्या लायसनला नाही. या दोन गोष्टींच्या घोळामुळेच "लायसन बुडाले" ही समजूत पसरली असावी.

जबाबदारी एकट्या शेतकऱ्याची नाही

येथपर्यंत शेतकरी बंधूंना सांगितले. आता दोन शब्द गावातील कर्मचारी आणि पदाधिकारी यांच्यासाठी, आणि त्यांत मीही आलो.

२२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसेखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील वैनगंगाकाठच्या कितीतरी गावांनी आपली घरे, देवळे आणि आंब्याची झाडे पाण्याला दिली. मोबदला, भूखंड, नागरी सुविधा यांवर मोर्चे निघाले, बैठका झाल्या, आजही होतात. ते प्रश्न मोठेच आहेत. पण गाव हलते तेव्हा माणसाबरोबर त्याचे सगळे कागदही हलावे लागतात, हे नियोजनात कुठेच धरले गेले नाही. रेशन कार्ड, मतदार यादी, आधार, बँकेचे पासबुक, लायसन, आरसी, प्रत्येक कागदासाठी तोच माणूस वेगवेगळ्या दारात उभा. सरकारने गाव उठविले, तर त्या गावाचा नवा पत्ता सरकारच्याच दुसऱ्या खात्याला शेतकऱ्याने पटवून का द्यावा?

येथे नवा कायदा करण्याची गरज नाही. परिवहन खाते तालुक्याच्या ठिकाणी शिबिर कार्यालय भरविते. त्याच्या तारखा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागल्या तरी अर्धे काम होईल. पुनर्वसित गावठाणांसाठी, चार-पाच गावे मिळून, वर्षातून एक दिवस असा ठरवावा की आधारचे यंत्र, सेवा केंद्राचा संगणक, नमुना १-अ साठी डॉक्टर आणि परिवहन खात्याचा माणूस एकाच शाळेत बसेल. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले कालचे ग्रामसेवक, यांनी रहिवासी दाखल्यांचे नमुने आदल्या दिवशी भरून ठेवावेत. कृषी खात्याने खरीपपूर्व सभेतच सांगावे की, बियाण्याची पिशवी पाहता तशी लायसनची तारीखही पाहा. मी माझ्या सभांत हे सुरू केले आहे. त्याला निधी लागत नाही आणि वरिष्ठांची मंजुरीही लागत नाही.

दिवस निवडताना मात्र शेतीचे वेळापत्रक पाहावे. रोवणीत किंवा धान चुरण्याच्या दिवसांत शिबिर ठेवले तर मांडवात फक्त खुर्च्या दिसतील. एप्रिल-मे हा काळ त्यासाठी बरा. आणखी एक. परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये निघाली आहे. शाळा सुटलेल्या, पण हात पक्का असलेल्या किती तरुणांना हे ठाऊक आहे? अशा मुलांना रीतसर शिकाऊ परवाना, मग परीक्षा, मग पक्का परवाना, या मार्गाला लावणे हेही त्याच शिबिरात होऊ शकते.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले ते सांगतो. सभेनंतर आठ दिवसांत त्यांनी आधार दुरुस्त केले, महिनाभराने पत्ता बदल आणि नूतनीकरण दोन्हींचे अर्ज केले. पोळ्याच्या सुमारास पोस्टमनने कार्ड नव्या गावठाणात आणून दिले. मुलाने शिकाऊ परवाना काढला. तोवर ट्रॅक्टरवर बाप बसला आणि रोवणीची चिखलणी त्यानेच केली. पण त्या दिवशी सभेत साठ-सत्तर माणसे होती, आणि लायसन खिशातून काढणारा तो एकटाच होता. बाकीच्यांचे लायसन कुठल्या पेटीत, कुठल्या तारखेवर आणि कुठल्या पत्त्यावर पडले आहे, कोणास ठाऊक.

म्हणून एवढेच सांगणे आहे. हे पान वाचून झाल्यावर उठा, पेटी उघडा, लायसन काढा. त्यावरचे गाव पाहा आणि तारीख पाहा. गाव जुने असेल तर सवडीने बदला, पण तारीख गेली असेल तर उद्याच कामाला लागा, आणि काम होईपर्यंत किल्ली खुंटीला टांगून ठेवा.